वृद्धाश्रमात आपलं माणूस आहे? मग दर रविवारी जाऊ नका

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. आधी गुडघे गेले, मग अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू लुळी पडली. आम्हा भाचरांपैकी कोणाच्याच घरी दिवसभर माणूस नव्हतं, म्हणून नागपुरातच, रिंग रोडच्या बाहेर, एका केअर होममध्ये तिला ठेवलं. दर रविवारी अकराला मी जायचे. आत्या खुर्चीत बसलेली, केस विंचरलेले, गालाला पावडर, पायात स्वच्छ मोजे. सात महिने मी समाधानी होते.

एका मंगळवारी ऑफिस लवकर सुटलं म्हणून संध्याकाळी सातला सहज गेले. आत्या खाटेवर होती, खालची चादर ओली. पाण्याचा ग्लास खिडकीत, तिच्या लुळ्या हाताच्या बाजूला, आणि त्यातल्या पाण्यावर धुळीचा पापुद्रा. डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग.

"हे केव्हापासून आहे?"

"काय माहीत बाप्पा. रविवारी मोजे घालून देतात न."

तिला कोणी मारलं नव्हतं. कोणी आवाजही चढवला नव्हता. मार दिसतो, दुर्लक्ष दिसत नाही. ते शोधावं लागतं, आणि कुठे शोधायचं ते मला ठाऊक नव्हतं. ज्यांनी नुकतंच आईवडिलांना, सासूबाईंना, काकांना अशा ठिकाणी ठेवलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मुलांनी ठेवावं की नाही यावरचं प्रवचन लग्नकार्यात फुकट ऐकायला मिळतं, ते इथे नाही.

आधी कागद: हे घर नेमकं कोणाचं?

नागपुरात 'नर्सिंग होम' म्हटलं की दहा-वीस खाटांचा खाजगी दवाखाना डोळ्यासमोर येतो. मी बोलतेय ते म्हाताऱ्या माणसांच्या राहण्याच्या जागेबद्दल. पण बाहेरून दोन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात, आणि उद्या तक्रार करायची वेळ आली तर कुठलं दार ठोठवायचं हे पाटीवरून नाही, नोंदणीवरून ठरतं. म्हणून ठेवतानाच, हसतखेळत, नोंदणीच्या कागदाचा फोटो मागून घ्या.

संस्था किंवा ट्रस्ट असेल तर ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते. नागपूरचं ते कार्यालय सिव्हिल लाइन्सला आहे. सलाइन लावणं, नळीने भरवणं, जखमा बघणं असं रुग्णालयाचं काम तिथे चालत असेल, तर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंद आहे का ते विचारा. शहराच्या हद्दीत ती महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. सरकारी अनुदानावरच्या वृद्धाश्रमाचा संबंध समाजकल्याण खात्याशी येतो. आणि बऱ्याच ठिकाणी यातलं काहीच नसतं: एक बंगला, दहा खाटा, आणि दुकानाला लागतो तेवढाच गुमास्ता परवाना. तसं असलं म्हणजे जागा वाईटच असं नाही. मी पाहिलेल्या सगळ्यात मायाळू घरांपैकी एक असंच होतं. पण मग तुमच्या आणि मालकाच्या मध्ये बघणारं तिसरं कोणी नाही, हे लक्षात ठेवून वागा.

करारात काय काय देणार ते लिहून घ्या. 'संपूर्ण काळजी' या दोन शब्दांना काही अर्थ नाही. रात्री किती माणसांमागे किती मावशी किंवा ब्रदर, दिवसात किती वेळा डायपर बदलणार, डॉक्टर किती दिवसांनी येणार, तब्येत बिघडली तर किती वेळात फोन करणार, हे लिहा. आम्ही यातलं काहीच लिहून घेतलं नव्हतं. डिपॉझिट किती दिवसांत परत, एवढं मात्र बारकाईनं वाचलं होतं.

वेळ बदला

रविवारी अकरा ते एकमध्ये घर पाहुण्यांसाठी सजलेलं असतं. त्यात गुन्हा नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर आपणही चादर बदलतोच. पण तुम्हाला बघायचाय तो मंगळवार.

एकदा जेवणाच्या वेळी जा. ताटात काय आहे त्यापेक्षा भरवतंय कोण आणि किती घाईनं, ते बघा. एकदा दुपारी चारला जा, झोपेनंतर कोणाला उठवलं आणि कोणाला नाही ते कळतं. एकदा संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, पाळी बदलताना. दिवसाची मावशी निघालेली आणि रात्रीची पोचलेली नसते, ती अर्धी-पाऊण तासाची फट सगळ्यात धोक्याची. सणाच्या दिवशी तर जरूर जा. तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक बघायला अख्खं नागपूर महाल-इतवारीकडे लोटतं, आणि केअर होममध्ये चारातल्या दोन मावश्या सुट्टीवर असतात. दिवाळीतही तेच.

रात्री दहानंतर येऊ नका, फोन करून या, हे नियम समजण्यासारखे आहेत. मात्र दर वेळी "आत्ता अंघोळ चाललीय", "आत्ताच डोळा लागलाय" म्हणून बाहेरच बसवत असतील, किंवा तुम्ही बोलत असताना एक माणूस हटकून शेजारी उभा राहत असेल, तर तिथे शंका घ्यावी. पाच मिनिटं एकट्यानं बोलू द्या, ही मागणी अजिबात उद्धट नाही.

काय बघायचं: पांघरुणाखाली

चेहरा शेवटी बघा. चेहरा पुसलेला असतोच.

टाचा, माकडहाड, कंबरेची दोन्ही बाजूंची हाडं, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. पडून असलेल्या माणसाचं वजन या हाडांवर येतं आणि तिथेच बेडसोअर होतो. पहिली पायरी म्हणजे न फुटलेला डाग: बोटानं दाबून सोडला तरी फिका पडत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाली कित्येकदा दिसत नाही. तेव्हा आजूबाजूपेक्षा काळसर-जांभळट, गरम किंवा कडक लागतं का ते हातानं चाचपा. सालटं निघालं, खड्डा पडला, वास यायला लागला, म्हणजे बरेच दिवस कोणी कूस बदललेली नाही. खाटेवरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. एअरबेड असला म्हणजे कूस बदलायला नको, हा गैरसमज मी दोन ठिकाणी, खुद्द चालवणाऱ्यांच्या तोंडून ऐकलाय. आणि एअरबेडची मोटर चालू आहे का तेही बघा. आत्याच्या खोलीत तिची पिन काढून तिथे मोबाइल चार्ज होत असे.

न्यायानं सांगायचं तर फार खंगलेल्या माणसाला उत्तम काळजी घेऊनही बेडसोअर होऊ शकतो. फरक कुठे करायचा? त्यांनी तो स्वतःहून सांगितला का, डॉक्टरला दाखवला का, कूस बदलल्याची नोंद ठेवलीय का. "अच्छा, झालाय का? बघतो," असं उत्तर आलं की समजायचं ते समजा.

काळेनिळे डाग. म्हाताऱ्या कातडीला जरा धक्का लागला तरी डाग येतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखीच. नडगीवर, हाताच्या बाहेरच्या बाजूला एखादा डाग पडल्या-धडपडल्यानेही येतो. पण दोन्ही दंडांवर आतून बोटांसारखे डाग, मनगटाभोवती कडं, मांडीच्या आतल्या बाजूला, छातीवर, कानामागे, किंवा काही ताजे निळे आणि काही जुने पिवळे शेजारी शेजारी, हे सहसा पडून होत नाही. मनगटावर कडं दिसलं तर थेट विचारा, "बांधता का?" बहुतेक ठिकाणी लपवत नाहीत. "पडू नये म्हणून ओढणीनं बांधतो, त्यांच्याच भल्यासाठी." डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय, वेळेची नोंद न ठेवता, माणूस कमी आहे म्हणून बांधणं ही काळजी नाही.

मग लहान गोष्टी. नखं. कवळी तोंडात आहे का, खणात आहे, की शेजारच्या आजीची घातलीय (हसू नका, होतं). चष्मा पुसलेला आहे का. कानाच्या मशीनमध्ये सेल आहे का; सेल संपलेला असला की माणूस "काही समजत नाही हो त्यांना" या यादीत जातो. बेलची वायर हाताला लागते का, की वर गुंडाळून ठेवलीय. पाण्याचा ग्लास चालत्या हाताच्या बाजूला आहे का. आत्याला दोन महिने तहान लागल्यावर कोणीतरी दारावरून जाईपर्यंत वाट बघावी लागत होती, फक्त एक ग्लास दोन फूट डावीकडे ठेवल्यामुळे.

वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं तर डॉक्टरला विचारायलाच हवं. ५० किलोचं माणूस असेल तर महिन्यात अडीच किलो. काट्यावर उभं राहता येत नसेल तर ब्लाऊजचा दंड, पायजम्याची नाडी, बांगडी किती वर सरकते, हे आपल्या आयांना ठाऊक असलेले काटे आहेत.

गोळ्या मोजा. दहाची पट्टी सोमवारी सकाळी सुरू केली, दिवसाला एक, तर गुरुवारी रात्री सहा उरायला हव्यात. आठ उरल्या तर दोन चुकल्या. फिटच्या आणि पार्किन्सनच्या गोळ्या चुकणं धोक्याचं. उलटही होतं: झोपेची पट्टी वेळेआधी संपते. भेटायला जाल तेव्हा माणूस गुंगीत, जीभ जड, लाळ गळतेय, आणि कागदावर नवीन गोळी नाही, तर आधी तिथल्या नर्सला आणि मग त्यांना नेहमी बघणाऱ्या डॉक्टरला विचारा. स्वतःच्या मनानं मात्र एकही गोळी बंद करू नका.

आणि एक: काल नीट बोलणारं माणूस आज अचानक बरळायला लागलं, ओळखेना, तर त्याला 'वय झालं' म्हणू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, गोळ्यांचा घोळ, डोक्याला लागलेलं, यांपैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर.

मे महिना वेगळा

बाहेर ४५ अंश, आणि कूलरची टाकी कोरडी. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, अशा एखाद्या खोलीत दुपारी तीनला जाऊन दहा मिनिटं बसा, सगळं कळेल. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी जाणवते. वरून डायपर कमी लागावेत म्हणून पाणीच कमी देण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. जीभ कोरडी, लघवी गडद आणि थोडी, उठून बसलं की चक्कर, विनाकारण सुस्ती, ही पाणी कमी पडल्याची खूण. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, शुद्ध हरपतेय, तर १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत ओल्या कापडानं अंग पुसत वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला डॉक्टरांनीच पाणी मोजून सांगितलेलं असतं, तो आकडा खाटेजवळ चिकटवलेला हवा. कूलर कोण भरतं, दिवसातून किती वेळा, लाइट गेली तर काय, हे एप्रिलमध्येच विचारून घ्या.

ते काय बोलतात, आणि काय बोलत नाहीत

"बाकी सगळं छान आहे" या वाक्यातला 'बाकी' ऐका. आत्या शिक्षिका होती, तक्रार करणं तिला कमीपणाचं वाटायचं. "त्यांनाही काम असते न, मी एकटी थोडीच आहे," इतकंच. सरळ "कोणी मारतं का?" असं विचारलं तर उत्तर 'नाही' येतं, कारण तुम्ही निघून जाल आणि रात्र तिला तिथेच काढायचीय. त्यापेक्षा असं विचारा: रात्री बाथरूमला जावंसं वाटलं तर काय करता? इथे सगळ्यात चांगली मावशी कोणती? आणि कोण आली की बरं वाटत नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खुशीत येतं, तिसऱ्याचं त्याच्या मागोमाग.

विस्मरणाचा आजार असलेल्या माणसाचं सांगणं 'भ्रम' म्हणून झटकलं जातं. वार, तारीख, नाव त्यांचं चुकेल. भीती चुकत नाही. ठरावीक माणूस खोलीत आला की अंग आक्रसतं, हात डोक्यावर जातो, अंघोळीला नेताना खाट घट्ट धरतात, हे बघा. तीच गोष्ट वेगवेगळ्या दिवशी, तुम्ही न विचारता पुन्हा येते का, तेही बघा.

अरे-तुरे, "म्हातारे, उठ", "पोरांना नको झाली म्हणून इथं टाकली", चारचौघांत डायपर बदलणं, पडदा न ओढणं. हेही छळातच येतं. डाग राहत नाही एवढंच.

लैंगिक छळ या वयात कसा होईल, असं म्हणून डोळे मिटू नका. अंतर्वस्त्रावर रक्त, मांड्यांवर डाग, नव्यानं झालेला गुप्तरोग, अंघोळीची एकाएकी धास्ती. असा संशय आला तर त्यांना अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कपडे कागदी पिशवीत ठेवा आणि ११२ (पोलीस) लावा किंवा थेट मेडिकल किंवा मेयो, ही नागपूरची सरकारी रुग्णालयं, गाठा. बलात्कारपीडितेवर तातडीचे उपचार मोफत करणं आणि पोलिसांना कळवणं सरकारी-खाजगी सगळ्याच रुग्णालयांना बंधनकारक आहे.

पैशाची बाजू

पासबुक दर महिन्याला भरून घ्या. पेन्शन जमा होते त्याच्या दुसऱ्या दिवशी एटीएममधून रक्कम निघतेय आणि आपलं माणूस खाटेवर आहे, तर कार्ड कोणाच्या खिशात आहे? कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला असतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, ते तुम्ही स्वतः करा. बांगड्या, अंगठी, कुड्या ठेवतानाच घरी आणा किंवा फोटोसकट यादी करून सही घ्या.

पैशाच्या बाबतीत चोर नेहमी मावशीच असते असंही नाही. 'भेटायला' आलेला पुतण्या कागदांची फाइल घेऊन येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सांभाळीन या अटीवर घर नावावर करून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली तो व्यवहार रद्द होऊ शकतो. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जायचं असतं, वकील लागत नाही. पण नीट लक्षात घ्या: हे न्यायाधिकरण मुलं आणि नातलगांविरुद्ध आहे. केअर होमनं हेळसांड केली ही तक्रार घेऊन तिथे गेलात तर हात हलवत परत याल. मी आले होते.

संशय आला: त्या तासात, त्या आठवड्यात

जीवाला धोका दिसत असेल तर पुढचं काही वाचू नका, ११२ किंवा १०८. मॅनेजरची परवानगी लागत नाही.

रुग्णालयात डॉक्टरांना "पडल्या" असं तिथल्या माणसाचं वाक्य परत सांगू नका. "कशानं झालं माहीत नाही, मला संशय आहे, नोंद करा" असं म्हणा, म्हणजे एमएलसीची, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून, नोंद होते आणि पोलिसांना कळवलं जातं. जखमेचं माप, रंग, जागा केसपेपरवर लिहायला सांगा. पुढे कागदपत्रांच्या प्रती लेखी मागितल्या की ७२ तासांत द्यायच्या असतात.

धोका लगेचचा नसेल तर आधी वही. दोनशे पानी, साधी. तारीख, वेळ, काय पाहिलं, कोण हजर होतं, काय म्हणालं. 'फार हाल आहेत' असं लिहू नका, 'मंगळवार, सायं. ७.१०, चादर ओली, डायपर भरलेला, ग्लास डाव्या खिडकीत, मावशी म्हणाल्या, दुपारपासून मी एकटीच आहे' असं लिहा. जखमेचा फोटो शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून काढा, म्हणजे वाढली की कमी झाली ते पुढच्या आठवड्यात कळेल. आधी त्यांना विचारा, "आत्या, फोटो काढू?" शेजारच्या खाटेवरचं माणूस चित्रात येऊ देऊ नका. मूळ फोटो फोनमध्येच राहू द्या. तो पुरावा म्हणून द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. आणि घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. मी टाकला, तासाभरात तो तीन शहरांत फिरला, आणि संध्याकाळी मालकाचाच मला फोन.

मग बोलणं. मावशीवर ओरडून काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते की अशा संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांपैकी दर तिघांत दोघांनी मागच्या वर्षभरात आपल्या हातून छळ झाल्याचं कबूल केलं. इतकी माणसं जन्मतः दुष्ट नसतात. आत्याच्या मजल्यावर रात्री १४ जणांमागे एक मावशी होती, बारा तासांची ड्यूटी, आणि ती स्वतः पन्नाशीची. तिनं मला जिन्यात गाठून सांगितलं, "ताई, मी एकटी किती जणाईले उचलू?" ते वाक्य मी वहीत लिहिलं, तिचं नाव मात्र लिहिलं नाही. मुद्दाम मारणारा, चिमटे काढणारा, चोरणारा माणूस वेगळा. त्याला सूट नाही. पण माणसं कमी ठेवून झालेली हेळसांड ही मालकाची जबाबदारी, तिथेच बोला.

मॅनेजरला भेटा, आणि त्याच दिवशी तेच ईमेलनं किंवा पोचपावतीच्या पत्रानं कळवा: हे पाहिलं, हे बदल हवेत, इतक्या दिवसांत. बेडसोअरसाठी आठवडा थांबायचं नसतं. ४८ तासांत डॉक्टर आणि कूस बदलल्याची नोंद, असं लिहा. तुमची सगळ्यात मोठी भीती मला ठाऊक आहे: तक्रार केली तर राग त्यांच्यावर काढतील. म्हणून पत्र दिल्यावर पुढचे पंधरा दिवस रोज कोणी ना कोणी जा. आलटून पालटून, वेळ बदलून. बघणारं कोणीतरी आहे हे कळलं की पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतात.

बाहेरची दारं

१४५६७ ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन, फुकट, सकाळी ८ ते रात्री ८, रविवारीही. काय करावं सुचत नसेल तर पहिला फोन इथे, मराठीत बोला. वृद्धाश्रमाबद्दलची तक्रार दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनातल्या समाजकल्याण कार्यालयात आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांना, शुश्रूषागृह असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला. प्रत्येक ठिकाणी दोन प्रती न्या, एकीवर शिक्का घेऊन घरी आणा. शिक्का नसलेली तक्रार म्हणजे गप्पा.

पोलीस. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. आजारामुळे असहाय असलेल्या माणसाची काळजी घेण्याचा करार करून ती जाणूनबुजून न घेणं, यासाठी कलम ३५७ आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा लहान आहे, पण कलम आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. चापट मारणं, साधी इजा यावर बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली जाते. तिची प्रत घ्या. हाड मोडलं, कोंडून किंवा बांधून ठेवलं, ठेवायला दिलेले पैसे हडपले, हे दखलपात्र आहे आणि तिथे एफआयआर मागा. शहराच्या कडेला ही घरं असल्यामुळे "ही हद्द ग्रामीणची" हे वाक्य ऐकायला मिळेल. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कोणाचीही असो, नोंदवून घ्यावीच लागते. घेतली नाही तर पोलीस आयुक्तांना किंवा ग्रामीणच्या अधीक्षकांना पोस्टानं लेखी पाठवा. ज्येष्ठांना जबाबासाठी ठाण्यात नेण्याचा आग्रह कोणी धरला तर सांगा, ६० वर्षांवरच्या माणसाला आणि कुठल्याही वयाच्या स्त्रीला राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही, पोलिसांनीच यायचं.

पैसे देऊन सेवा घेतली असेल तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. घटनेपासून दोन वर्षं मुदत, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, स्वतः बाजू मांडता येते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघा. वकील हवा असेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००; स्त्रिया, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आत्या पहिल्या दोन्हींत बसत होती.

हलवताना

नवी जागा ठरेपर्यंत बोलू नका. ठरली की एका सकाळी दोघं-तिघं जा. औषधांची यादी, शेवटची गोळी किती वाजता दिली, आधारकार्ड, पासबुक, केसपेपर, कवळी, चष्मा, मशीन. निघण्याआधी अंगावरच्या सगळ्या जखमांचे फोटो, म्हणजे "तुमच्याच गाडीत लागलं" असं कोणी म्हणणार नाही. डिपॉझिट परत देताना 'आमची कोणतीही तक्रार नाही' असं छापलेला कागद पुढे येईल. त्यावर सही करू नका. फक्त मिळालेल्या रकमेची पावती द्या. आम्हाला डिपॉझिट चार महिने अडकवून ठेवलं, मग अर्धं दिलं, आणि उरलेल्यासाठी मला वही बाहेर काढावी लागली.

नव्या जागी पहिल्या आठवड्यात टाच, माकडहाड, वजन पुन्हा लिहून ठेवा. आत्याची टाच भरायला पाच महिने लागले.

आम्ही तिला उचलून नेत होतो तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजींनी माझा पदर धरला. "हे गेली की मले कोण पाहीन वं?" त्यांचा मुलगा पुण्याला. त्याचा नंबर आजींनीच पाठ सांगितला, मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला. फोन केला तेव्हा तो तडकला, तुमचा काय संबंध म्हणाला. मी संबंध सांगितला नाही, फक्त तीन तारखा आणि त्या दिवशी काय पाहिलं ते वाचून दाखवलं. शनिवारी सकाळी तो रेल्वेनं उतरला, स्टेशनवरून थेट तिथे गेला, आणि मला तिथूनच फोन केला, आईच्या पायातले मोजे काढून झाल्यावर.